स्कॅलीच्या शेतातून गेलेलं पाणी

क्लूनारा
४ जून

प्रिय फिन्टन,

तुझं पाकीट पोचलं. वरचा वीणेचा सरकारी शिक्का बघून पोस्टमन फेस्टीने ते आधी डेअरीत दाखवलं, मग ओ'गाराच्या पबमध्ये, आणि दुपारी कधीतरी माझ्या हातात दिलं. खासदाराची आत्या असल्याचा एवढाच काय तो मान. फोन का करत नाहीस, म्हणून विचारलंयस. अरे, एक्सचेंजमध्ये डिम्फ्ना बसते. मी तुझा नंबर मागायच्या आत ती माझ्या गुडघ्याची विचारपूस करते, आणि संध्याकाळपर्यंत आपलं बोलणं सगळ्या गावाला पाठ. महिन्यातून एकदा तू ओ'गाराच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतोस, तेव्हा तुझ्यापुढे ही एवढी रांग. तिथे मी काय बोलणार? म्हणून लिहितेय. नीट वाच.

अट्रॅक्टा टॅन्सी तुला आठवत असेल. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायची आणि तुझ्या कॉलरीत गवत घालायची. ती, तिचा नवरा मेल आणि त्यांची चार पोरं तिच्या आईच्या अंगणात कॅरॅव्हॅनमध्ये राहतात. पाऊस आला की आत पातेली मांडायची, आणि आपल्याकडे पाऊस नसतो कधी? कौन्सिलने त्यांना एकदा घर देऊ केलं होतं, पण ते पार तिकडे शहरात. मेलचं काम इथल्या लाकडाच्या गिरणीत, आणि म्हातारीला दिसेनासं होत चाललंय. ते नाही म्हणाले. आता पुन्हा एकदा देऊ करतील. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की नाव घरांच्या यादीच्या तळाशी जातं, हे तुला मी सांगायला नको.

आणि इकडे दलदलीच्या रस्त्यावर पॅकी गेराटीचं घर रिकामं पडलंय. ते कौन्सिलच्याच मालकीचं. पॅकी गेल्यापासून कुलूप. छप्पर धड, भिंती धड, फक्त विहिरीचं पाणी तपासणीत नापास झालंय. आपल्या गावच्या पाणीयोजनेचा पाइप तिथून हाकेच्या अंतरावर येऊन थांबलाय. मी त्या योजनेची सेक्रेटरी आहे. मला तो पाइप स्वप्नात दिसतो.

टॅन्सींची चार पोरं शहरात गेली तर शाळेचा पट घसरणार, आणि पट घसरला की मिस डिग्ननची जागा जाणार. मग सगळ्या इयत्ता एकट्या हेडमास्तरांच्या गळ्यात. मी तशी वर्षं काढली आहेत, पहिलीतल्या पोराचं नाक पुसता पुसता सहावीला अपूर्णांक शिकवलेत. ही मुलगी चांगली आहे रे. पोरं तिच्यामागून बदकाच्या पिल्लांसारखी चालतात. तिने इथेच राहावं असं मला फार वाटतं.

तुला आम्ही निवडून दिलंय ते उबदार सभागृहात डुलक्या काढायला नाही. प्रश्न विचार.

तुझी,
ऑनर आत्या

*

डब्लिन
२८ जून

आत्या,

विचारले. एक सोडून तीन विचारले, लेखी. घराबद्दल, शाळेबद्दल, पाण्याबद्दल. उत्तरं आली आहेत, पण ती तुला पाठवत नाही. पाठवली तर तू लाल पेन घेऊन बसशील. सारांश सांगतो.

घरवाले म्हणतात, पिण्याचं पाणी नसलेलं घर कुणाला देता येत नाही. पाण्याचा विषय आमच्याकडे येत नाही. पाणीवाले म्हणतात, मागणी असेल तिथे पाइप वाढवायला मंजुरी मिळते; सदर घरात कुणीही राहत नसल्यामुळे मागणी नाही. शाळावाले म्हणतात, शिक्षक पटावर ठरतात. मुलांनी कुठे राहावं हे आम्ही ठरवत नाही.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसलो. गंमत म्हणजे तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाहीये. मी पहिल्यांदाच निवडून आलोय, त्यातून विरोधी बाकावर, तेही मागच्या रांगेत दाराशी. दार उघडलं की वारा लागतो. आत्या, खरं सांगतो, निवडून येताना वाटलं होतं की इथे येऊन काहीतरी हलवता येईल. अजून माझ्याने खुर्चीसुद्धा हललेली नाही.

पण एक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ऑक्टोबरात सभागृह भरलं की तोंडी प्रश्न टाकतो. त्यांची सोडत निघते. नशिबाने नंबर लागला तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्याआधी कौन्सिलकडून लेखी खुलासा मागवावा लागतो. कुणीतरी गाडी काढून, दलदलीच्या रस्त्यावर जाऊन ते घर बघून येईल, एवढं तर होईल.

तोवर दुसरा काही मार्ग? रस्ता खणायला कौन्सिल परवानगी देणार नाही, तर शेतातून पाइप नेता येईल का? मधे कुणाचं शेत लागतं?

तुझा,
फिन्टन

*

क्लूनारा
७ जुलै

प्रिय फिन्टन,

तुझे तीन सारांश वाचून मी इतकी हसले की मांजर खुर्चीखाली जाऊन बसलं. तिघांनी हात धरून काय सुंदर फेर धरलाय. माझ्या वर्गात असते तर तिघांना तीन कोपऱ्यांत उभं केलं असतं.

आणि तू इथे वाढलास आणि मला विचारतोस, मधे कुणाचं शेत? बार्टली स्कॅलीचं. दुसरं कुणाचं असणार?

त्याचा बाप आणि तुझा आजोबा यादवीत समोरासमोर उभे राहिले, ते शेवटपर्यंत तसेच उभे होते. तेव्हापासून त्यांचा पक्ष तो, आपला पक्ष हा. बार्टली आणि मी एका वर्गात होतो. चर्चमध्ये तो डावीकडे बसतो म्हणून मी उजवीकडे बसते. आता सरकार त्याच्या पक्षाचं आहे, त्यामुळे हल्ली टोपी जरा तिरकी घालतो. त्याच्या शेतातून आपल्या लाव्हिनांच्या पोराच्या नावाचा पाइप जाऊ देण्यापेक्षा तो ते शेत समुद्रात लोटून देईल.

असो. मी विचार करतेय. तू प्रकृतीला जप, आणि दाराशी बसायचं असेल तर गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ.

ऑनर आत्या

*

डब्लिन
१५ जुलै

आत्या,

मी स्वतः स्कॅलीकडे जातो. मी त्याचाही खासदार आहे, त्याने मत दिलं असो वा नसो. समोर बसून सरळ बोलतो. फार तर दार लावून घेईल. दोन्ही घरांतले गैरसमज दूर व्हायला कधीतरी कुणीतरी सुरुवात करायलाच हवी ना? आमच्या भागातल्या पेपरचा वार्ताहर माझ्या ओळखीचा आहे, त्यालाही बरोबर आणावं म्हणतो. दोन पक्षांची माणसं एका पाइपासाठी एकत्र आली, तर बातमी चांगली होईल.

ऑगस्टच्या शेवटी येतो.

फिन्टन

*

क्लूनारा
३ ऑगस्ट

श्री. बार्टली स्कॅली यांस,

हे पत्र फेस्टीच्या हाती देते आहे. त्याने ते उघडू नये म्हणून मेण लावलं आहे.

तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते तुमच्या आईच्या अंत्ययात्रेत. मी "वाईट झालं" म्हटलं आणि तुम्ही "हो" म्हणालात. तेव्हा या पत्राने तुम्हाला त्रास होणार हे मला ठाऊक आहे.

पॅकीच्या घरापर्यंत पाइप न्यायचा आहे. कुंपणाच्या कडेने, तुमच्या खालच्या शेतातून. गवत तसंच परत बसवून देऊ. पाइपाचं वेटोळं माझ्या गोठ्यात पडून आहे. माणसं मी गोळा करते. तुमच्या-आमच्या वडिलांच्या वेळी कापणीला इर्जिक व्हायची, तशी एक दिवसाची इर्जिक घालू. अट्रॅक्टाची पोरं कॅरॅव्हॅनमध्ये खोकतात ते रस्त्यावर ऐकू येतं. तुमच्या घरापर्यंतही येत असेल.

मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. आता मागते आहे.

ऑनर लाव्हिन

*

११ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. मेण लावायची गरज नव्हती. फेस्टीला वाचता येतं ते फक्त पत्ते.

पोरांचा खोकला ऐकू येतो. रोज येतो. माझी बायको असती तर तिने मला केव्हाच ऐकवलं असतं.

शेत देतो. पण अटी माझ्या. तुमच्या भाच्याला यातलं अक्षर कळता कामा नये. आज नाही, निवडणुकीच्या आधी नाही, नंतरही नाही. तो पेपरवाल्याला घेऊन माझ्या फाटकाशी उभा राहिला, तर चर माझ्या हाताने बुजवीन. "लाव्हिनने पाणी आणलं" असं कुणाच्या तोंडून ऐकलं तरी बुजवीन. माझ्या मतपत्रिकेवर पसंतीचे एक, दोन, तीन असे आकडे पडतात, आणि तुमच्या घरचं नाव कोरं राहतं. ते कोरंच राहणार. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

दिवस मी ठरवणार. सप्टेंबरातला, फुटबॉलच्या फायनलचा रविवार. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि कौन्सिलचे सगळे साहेब डब्लिनला मैदानात असतात. रस्ता एका जागी आडवा खणावा लागेल. तो त्या वेळात खणून बुजवायचा. यंत्र खालच्या शेतात रुततं, तेव्हा फावडी आणा. मी रेडिओ आणतो.

रविवारी काम म्हणजे पाप, त्याचं तुम्ही फादरशी बघा.

बी. स्कॅली

*

क्लूनारा
२० ऑगस्ट

प्रिय फिन्टन,

तू येऊ नकोस.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण स्कॅलीकडे जाऊ नकोस, त्या वार्ताहराला तर मुळीच आणू नकोस. मी चौकशी केली. त्या वाटेने काही होणार नाही. तू आपला ऑक्टोबरातला प्रश्न विचार. सप्टेंबरभर इकडे फिरकला नाहीस तरी चालेल. बायकोला घेऊन तिच्या माहेरी केरीला जा, समुद्र बघ. तिलाही बरं वाटेल.

माझा गुडघा बरा आहे.

ऑनर आत्या

*

डब्लिन
२५ सप्टेंबर

आत्या,

तू म्हणालीस, मी आलो नाही. पण मनाला लागलं, हे लपवत नाही. ज्या गावाने मला वाढवलं तिथे माझा उपयोग नसेल तर आणखी कुठे असणार?

फायनलला मैदानात गेलो होतो. क्लूनाराची बस शोधत होतो. बस आली, पण तिच्यात ड्रायव्हर, त्याची मेव्हणी आणि ओ'गाराचा आजारी भाऊ, एवढीच मंडळी. दरवर्षी उभं राहायला जागा नसते. गावात सगळं ठीक आहे ना? कुणी गेलं का? माझ्यापासून लपवू नकोस.

फिन्टन

*

क्लूनारा
३० सप्टेंबर

प्रिय फिन्टन,

कुणी गेलं नाही, सगळे ठणठणीत आहेत. तू आपल्याच लोकांना उगाच मारू नकोस.

यंदा उन्हाळा ओला गेला, दलदलीत जळणासाठी कापून ठेवलेली माती, आपलं टर्फ, वाळायलाच तयार नव्हतं, आणि अट्रॅक्टाच्या आईकडे थंडीत जाळायला काही नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून तिचं टर्फ घरी आणून टाकलं. त्यात दमले आणि मॅच रेडिओवर ऐकली. फादर होते, मिस डिग्नन तिच्या वर्गासकट होती, बार्टली स्कॅलीसुद्धा होता. मी सगळ्यांना बेकन आणि कोबी वाढला, आणि सोडा ब्रेड इतका केला की अजून पुरतोय. फार दिवसांनी असा दिवस आला. तुझी आठवण काढली, म्हणजे मी काढली.

आता वाईट बातमी. कौन्सिलने अट्रॅक्टाला दुसरं घर देऊ केलंय. पुन्हा शहरात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. ती मला म्हणाली, "बाई, नाही म्हटलं आणि इथलंही मिळालं नाही, तर पोरांना मी काय सांगू?" मी तिला म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. मी तिला थांबवून ठेवलंय, फिन्टन, आणि आता रोज सकाळी आधी कॅलेंडर बघते.

तुझ्या प्रश्नाचं काय झालं ते कळव.

ऑनर आत्या

*

डब्लिन
९ ऑक्टोबर

आत्या,

प्रश्नाचा नंबर लागला. चोवीस तारखेला, तोंडी. म्हणजे अट्रॅक्टाच्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी.

शनिवारी ओ'गाराकडे लोकांना भेटायला बसलो होतो. तू दुकानापाशी दिसलीस, पण आत आली नाहीस. आत्या, काहीतरी बिनसलंय. पबमध्ये माणसं भरपूर होती, पण मागच्या खोलीत कुणी आलं नाही. मीच बाहेर गेलो आणि विचारलं, "पाण्याचं काही?" सगळे हात खिशात घालून भिंतीला टेकून उभे. पोर्टर बिअरचे पेले भरलेले समोर, पण माझ्यादेखत कुणी उचलेना. मी हात पुढे केला तर डॉलन म्हणाला, "सर्दी झालीय साहेब, तुम्हाला लागेल." लहानपणी याच डॉलनच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली होती.

त्यांनी माझी आशा सोडली, हे मी समजलो. त्यांचं चुकलं असंही नाही. तीन प्रश्न विचारले आणि तीन नकार आणले. पण चोवीस तारखेला मी मंत्र्याला सोडणार नाही. उत्तरावर दोन शब्द बोलायची संधी मिळते, त्यासाठी भाषण तयार केलंय. आरशासमोर म्हणून बघितलं. आमच्या मोलकरणीने टाळ्या वाजवल्या.

फिन्टन

*

१७ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

काल कौन्सिलचा तरुण इंजिनीअर शेतात आला होता. तुमच्या भाच्याच्या प्रश्नावर खुलासा पाठवायचा म्हणून. पॅकीच्या घरात गेला, नळ सोडला, पाणी आलं. त्याने बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा आलं. बाहेर येऊन शेतात खणल्याच्या खुणा बघितल्या आणि मला विचारलं, हे कुणी खणलं? मी म्हटलं, ससे.

तो हसला नाही. म्हणाला, परवानगीशिवाय टाकलेला पाइप नियमाने उखडावा लागतो, आणि मग घर द्यायचा प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, पोरा, तुमच्या लोकांना पॅकी मेल्यापासून जे जमलं नाही ते सशांनी एका दुपारात केलं, हे वर लिहून कळवणार आहेस का? त्याने गवताला बूट पुसले. मग पाण्याची बाटली भरून तपासायला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काम पूर्ण झालं आहे, इतकंच लिहिलं तर ते खोटं ठरत नाही."

आता त्याचा सगळा भार तुमच्या भाच्यावर आहे. तो पोरगा उठून "हे माझ्या आत्याने केलं, सरकारने नाही" असं ओरडला, तर इंजिनीअर तोंडघशी पडेल, आणि शुक्रवारी पाइप उखडला जाईल. त्याला गप्प बसवा. कसं ते तुम्ही ठरवा. पण त्याला सांगायचं नाही, हा आपला शब्द आहे.

बी. स्कॅली

*

क्लूनारा
१९ ऑक्टोबर

प्रिय फिन्टन,

मी तुला अक्षरओळख करून दिली, सायकल शिकवली, आणि पहिल्यांदा तू निवडणुकीला उभा राहिलास तेव्हा दारोदार फिरले. त्या सगळ्याच्या बदल्यात एक गोष्ट मागते, आणि ती का, हे विचारायचं नाही.

चोवीस तारखेला मंत्र्याचं उत्तर नीट ऐक. नकार असेल तर तुझं भाषण कर, छत उडेल इतकं जोरात कर. पण उत्तर चांगलं असेल, अगदी तुझा विश्वास बसणार नाही इतकं चांगलं असेल, तर "मंत्रिमहोदयांचा आभारी आहे" एवढं म्हण आणि खाली बस. त्यापुढे एक शब्द नाही.

गावाने तुझी आशा सोडलेली नाही रे, वेड्या. उलटंच आहे. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि न लिहिता राहणं किती कठीण जातंय ते तुला कळायचं नाही.

ऑनर आत्या

*

डब्लिन
२५ ऑक्टोबर

आत्या,

काल संध्याकाळी चार वाजता माझा नंबर आला. सभागृहात डझनभर माणसं, त्यातली निम्मी जांभया देणारी. मी प्रश्न वाचला: पॅकी गेराटीच्या घराला पाणी मिळेपर्यंत एका कुटुंबाने कुठे राहायचं, आणि ते कुटुंब गेलं तर शाळेने काय करायचं?

मंत्री उठले. कागद वाचू लागले, आणि मी माझं भाषण खिशातून काढलं. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांना कळवण्यास आनंद होतो की सदर घरापर्यंत पाण्याचं काम पूर्ण झालं आहे, पाण्याचा नमुना उत्तीर्ण झाला आहे, आणि ते घर स्थानिक कुटुंबाला देण्याची सूचना कौन्सिलला करण्यात येत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काम पूर्ण? कुणी केलं? सगळं गाव हात खिशात घालून उभं होतं आणि...

आणि तिथेच, आत्या, भाषण हातात धरून उभा असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. ते हात खिशात का होते. पोर्टरचे पेले कुणी का उचलले नाहीत. डॉलनला सर्दी का झाली. फावड्याने फोड आलेले हात मला दिसू नयेत म्हणून. रिकामी बस. आणि तुझ्या पत्रातली ती ओळ, "बार्टली स्कॅलीसुद्धा होता." मी ती वाचून पुढे गेलो होतो. बार्टली स्कॅली लाव्हिनच्या बोलावण्यावरून कुणाचं टर्फ वाहायला येणार? त्याच्या शेतातून तुम्ही पाइप नेलात.

माझ्या पुढ्यात माइक होता. समोर मंत्री, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय खिशात घालून बसलेले. वर गॅलरीत आपल्या भागातला वार्ताहर, पेन्सिल उचलून. "मंत्रिमहोदय, हे काम माझ्या माणसांनी स्वतःच्या हातांनी केलं," एवढं एक वाक्य बोललो असतो तर आज सगळ्या देशाच्या पेपरात मी असतो. खोटं नाही बोलत, ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "मंत्रिमहोदयांचा आभारी आहे," आणि खाली बसलो.

शेजारचा सहकारी कुजबुजला, "बरा आहेस ना?" मी म्हटलं, इतका बरा कधीच नव्हतो. आणि ते खरं होतं. दाराशी बसलो होतो, वारा लागत होता, आणि मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मला असं छान फसवलंत, याचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. मला तुमचा अभिमान वाटला.

मी कुणाला काही बोललो नाही आणि बोलणार नाही. अट्रॅक्टाला घर मिळालं का, तेवढं कळव.

फिन्टन

*

क्लूनारा
१२ नोव्हेंबर

माझ्या फिन्टन,

मिळालं. शुक्रवारी सकाळी किल्ली आली. अट्रॅक्टा ती घेऊन आधी माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून वेड्यासारख्या रडलो. दुपारी पोरांनी सगळे नळ एकदम सोडून ठेवले. मी योजनेची सेक्रेटरी आहे, पाणी वाया घालवलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही. शाळेचा पट जसाच्या तसा आहे आणि मिस डिग्नन नाताळाच्या नाटकात गावातल्या प्रत्येक पोराला मेंढी करतेय.

फादरनी पाळीपाळीने घरोघरी होणारी मिस्सेची प्रार्थना या वेळी पॅकीच्या, म्हणजे आता टॅन्सींच्या, घरी ठेवली. सगळं गाव दाटीवाटीने उभं होतं. रविवारी खणायचं पाप वाटत होतं, म्हणून मी त्यांना आधी विचारायला गेले होते, तेव्हा त्यांनी काय केलं माहीत आहे? तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्यकर्म आहे, असं म्हणाले आणि स्वतःचं फावडं घेऊन आले.

आता बार्टलीबद्दल. पेपरात बातमी आली: काम पूर्ण झाल्याचं मंत्र्यांनी सांगितलं, श्री. लाव्हिन यांनी आभार मानले. मंत्री त्याच्या पक्षाचे, म्हणून तो खूश असणार हे मला वाटलंच होतं. त्याने ती बातमी कापून पाकिटात ठेवली आहे, ज्याला त्याला दाखवतो. मिस्सेनंतर चहा झाला. तो कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, सगळ्यांदेखत. आमच्या वयाच्या माणसांनी हे दृश्य कधी बघितलेलंच नव्हतं.

त्याने चहात साखर ढवळली. मग म्हणाला, "तुमच्या पोराला कळलं होतं ना?"

मी शब्द मोडला नव्हता. पण त्याच्या तोंडावर खोटं बोलवेना. मी म्हटलं, "उभा असताना कळलं. मी सांगितलं नव्हतं."

"आणि तरी खाली बसला?"

"बसला."

त्याने चहा संपवला. पॅकीच्या नळाच्या पाण्याचा चहा, त्याच्याच शेतातून आलेल्या पाण्याचा. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि उठता उठता म्हणाला, "पुढच्या वेळी माझे आकडे तिसऱ्यावर थांबणार नाहीत. सांगा त्याला. चौथा."

फिन्टन, तुझा आजोबा चार वेळा उभा राहिला, तुझा बाप दोनदा. स्कॅलींच्या हाताने आपल्या नावापुढे आजवर एक रेघही ओढलेली नाही. मी घरी चालत आले, गुडघा दुखत होता, आणि तुझ्या बापाच्या फोटोला मोठ्याने ते सांगितलं.

चौथ्या पसंतीने तू निवडून येशील असं नाही. कदाचित ती मोजायची वेळही येणार नाही. पण नाताळला ये, आणि बार्टली भेटला तर आभार मानू नकोस. नुसता हात पुढे कर. आता त्याचे फोड बरे झालेत.

तुझी,
ऑनर आत्या